द्या इकडे

वाचनालयाच्या संगणक वर्गाचे शिक्षक यंदाही कायम झाले नाहीत, आणि ही बातमी कळताच त्यांच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नागरिकहो, वरचं वाक्य वाचून झालं असेल तर कृपया विसरून जा. असं काही घडलेलं नाही. शिक्षक कायम होण्याच्या वाटेवर आहेत, विद्यार्थी गुणी आहेत आणि वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत सगळं सुरळीत चाललेलं आहे. आपण तिथूनच सुरुवात करू.

त्या खोलीत दुपारी जो वर्ग भरायचा त्याचं नाव होतं 'वेबसाइट : दुसरी पायरी'. पहिल्या पायरीत मथळा, मजकूर आणि फोटो पानावर कसा आणायचा एवढं शिकवत. दुसऱ्या पायरीत त्या पानाला रूप द्यायचं होतं. अक्षरं केवढी, रंग कोणता, मोकळी जागा किती, रकाने कसे मांडायचे, आणि तेच पान मोबाइलवर उघडलं तर कडेने सांडू नये म्हणून काय करायचं. विद्यार्थी बहुतेक उतारवयाकडे झुकलेले. संगणक सुरू व्हायला इतका वेळ घेत की तोवर सगळे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करून मोकळे होत.

शिक्षक मात्र सव्वीस वर्षांचे होते. तरी सगळे त्यांना 'सर' म्हणत, आणि सरांनाही ते आवडायचं. सर हुशार होते, मनमिळाऊ होते आणि त्यांच्यात एकही दोष नव्हता. एक सवय होती, पण तिला दोष कोणी म्हणत नसे. कोणाचं अडलं की सर मागून यायचे, "द्या इकडे" म्हणायचे आणि माऊस काढून घ्यायचे. खटाखट काहीतरी व्हायचं, पान देखणं दिसायला लागायचं आणि सर पुढच्या टेबलाकडे निघून जायचे. विद्यार्थ्याचा हात मात्र माऊसच्या आकारात तसाच टेबलावर राहायचा.

"जादू आहे हो सरांच्या हातात," सगळे म्हणायचे. ते खरंच होतं. अडचण एवढीच, की सहा वाजता सर घरी जाताना ते हात बरोबर घेऊन जात.

वेळ वाचावा म्हणून सरांनी एक सुंदर पान तयार करून ठेवलं होतं. वर निळा पट्टा, मध्ये कोट घातलेल्या दोन माणसांचं हस्तांदोलन आणि तळाशी 'पुन्हा अवश्य या'. ज्याला जे हवं त्याच्यासाठी सर तेच पान उचलून आतलं नाव बदलून देत. बेकरीवालीला ते शोभून दिसलं. दगडवाल्या मामांचं जरा जड गेलं. मामा माणूस गेल्यावर लावायच्या दगडावर नाव कोरून द्यायचे.

"सर, हे खाली 'पुन्हा अवश्य या' लिहिलंय," मामा म्हणाले. "माझ्याकडे माणूस एकदाच येतो."

"असू द्या मामा, डिझाइन तसंच असतं."

मामांनी मान डोलावली. डिझाइन म्हटल्यावर काय बोलणार.

वर्गातल्या तिसऱ्या दखलपात्र व्यक्ती म्हणजे काकू. काकूंनी आयुष्यभर मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना स्वतःचा वर्ग काढायचा होता, तोही फक्त अशा बायकांसाठी, ज्यांचं लायसन्स कपाटात असतं आणि नवरा स्टिअरिंगवर. त्यांचंही पान सरांनी करून दिलं होतं. पान झाल्यापासून आठवडा उलटला, तरी काकूंचा फोन वाजला नव्हता.

सोमवारी काकू आल्या त्या बसल्याच नाहीत.

"सर, माझ्या पानावर नंबर कोणाचाय?"

"तुमचाच."

"वाचा."

सर वाचायला वाकले आणि मागून मामांचा आवाज आला, "तो माझाय. तरी म्हटलं, एवढ्या बायका का फोन करतायत."

काकू सावकाश वळल्या. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"मला काय माहीत गाडीचं आहे. मी नेहमीसारखं विचारलं. नाव काय, जन्मतारीख काय आणि दुसरी तारीख काय. एक म्हणाली, दुसरी तारीख तुम्हीच द्या, मला जेवढी लवकरची मिळेल तेवढी बरी."

वर्गात कोणी हसलं नाही. हसू सगळ्यांनी गालात साठवून ठेवलं.

"एकीला फार भीती वाटत होती," मामा पुढे म्हणाले. "तिला मी धीर दिला. म्हटलं, घाबरू नका बाई, आमच्याकडे आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही."

"मग?"

"ठेवला तिने फोन."

सरांचे कान लाल झाले. मामांच्या पानाची नक्कल करताना नंबर बदलायचा राहिला होता. ते चटकन काकूंच्या टेबलाशी आले. "सॉरी काकू. आत्ता करतो. दोन मिनिटांचं काम आहे. द्या इकडे."

काकूंनी दिला नाही.

सरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी हात पुढे केला आणि काकूंच्या हातावर ठेवला. एका माऊसवर दोन हात झाले. पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहिला.

"हात काढा," काकू म्हणाल्या.

"काकू, पुढच्या महिन्यात पाहणी समिती येतेय. सगळी पानं नीट..."

"आधी हात, मग समिती."

सरांनी हात काढला.

"आता ऐका. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी एक ब्रेक असायचा. जीव जाईल असं वाटलं तर दाबायचा. स्टिअरिंग मात्र एकच, आणि ते शिकणाऱ्याच्या पुढ्यात. लोकांनी ते कुठेकुठे नेलं. एकाने भाजीवाल्याच्या टोपल्यांत नेलं, एकीने तर माझ्याच घराच्या फाटकात. पण मी कोणाच्या हातातून घेतलं नाही. घेतलं असतं ना, तर आज अर्ध्या शहराला माझ्या मांडीवर बसून फिरावं लागलं असतं."

"पण इथे चुकलं की पान बिघडतं, काकू."

"बिघडू दे की. पान बिघडून कोणी मरत नाही. मामांच्या धंद्याला त्याचा काही उपयोग नाही."

"खरंय," मामा म्हणाले.

"आणि वेळ? किती वेळ लागेल माहितेय?" सरांनी विचारलं.

"लागू दे. आम्ही कुठे पळून जाणार, आमचे गुडघे बघा."

बेकरीवालीला हे अजिबात पटलं नाही. ती पिठाच्या हातानेच वर्गाला यायची आणि तिला घाई असायची. "माझं तुम्हीच करा हो सर. मला पान पाहिजे, ज्ञान नको."

"केकचा भाव बदललास तर?" काकूंनी विचारलं.

"सरांना फोन करीन."

"रविवारी?"

"उचलतात सर."

सरांनी अभिमानाने मान हलवली. मग गेल्या रविवारी तोंडाला साबण लावलेला असताना आपण एका केकचा भाव बदलला होता, हे त्यांना आठवलं आणि मान मध्येच थांबली.

सर चिडूनच घरी गेले. मदत करायची आणि वर ऐकून घ्यायचं! त्यांना भूक लागली होती. आई स्वयंपाकघरात होती, तरी रागाच्या भरात त्यांनी स्वतःच तवा ठेवला, तेल सोडलं, अंडं फोडलं आणि उलथनं हातात घेतलं.

"दे इकडे, करपेल," आई म्हणाली आणि उलथनं घेऊन गेली.

सरांचा हात उलथन्याच्या आकारात हवेतच राहिला. सरांनी त्या हाताकडे पाहिलं. असा हात त्यांनी कुठेतरी पाहिला होता. रोज दुपारी, टेबलाटेबलावर.

"आई, मला अंडं करता येतं का गं?"

"तुला कशाला यायला पाहिजे? मी आहे ना."

"आणि तू गावाला गेलीस तर?"

"तर मी करून ठेवून जाईन."

"आई, मी सव्वीस वर्षांचा आहे. मी लोकांना शिकवतो. आणि मला अंडं येत नाही."

"एवढं काय त्यात. तुझ्या बाबांना तर पाणीसुद्धा..."

"दे परत ते."

आईने पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि उलथनं परत केलं. मग तिने आपले दोन्ही हात काखेत दाबून धरले. मुलगा उंच दोरीवरून चालत असावा अशा चेहऱ्याने ती उभी राहिली. अंडं खालून काळं झालं, वरून कच्चं राहिलं आणि मधून तव्याचंच झालं. सरांनी ते खाल्लं. इतकं वाईट अंडं त्या घरात कधी झालं नव्हतं. ते उठले आणि त्यांनी दुसरं फोडलं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. "आजपासून हे बाहेर येणार नाहीत. विचारा, मी सांगेन. पण करायचं तुम्ही."

पुढचे दिवस सरांना फार वाईट गेले. विद्यार्थ्यांना त्रास झाला असेल, तो वेगळा. सरांचा त्रास असा, की चूक त्यांना लांबून दिसायची आणि समोरच्याला जवळून दिसायची नाही. काकूंनी मथळा पिवळा करायची सूचना लिहिली आणि तिच्या शेवटचा महिरपी कंस मिटायचा विसरल्या. तिथून पुढच्या एकाही सूचनेचा संगणकाला पत्ता लागेना. खालच्या रकान्यांनी रांग मोडली, रंग उडाले आणि सगळा मजकूर डाव्या कडेला जाऊन गर्दी करून उभा राहिला. सरांना कंस पहिल्या नजरेत दिसला. बुटांच्या आत त्यांची बोटं आवळली गेली.

"कुठपर्यंत नीट आहे, काकू?"

"मथळ्यापर्यंत."

"मग त्याच्या आसपास बघा."

"बघतेय. काही नाही इथे."

होतं तिथेच. सर खिडकीपाशी गेले, बाहेरच्या झाडाकडे पाहून परत आले. चहा आला आणि थंड झाला. शेवटी काकूंनी पडद्याला नाक लावलं, एक बोट प्रत्येक ओळीवरून फिरवलं आणि त्या थांबल्या.

"अगंबाई. दार उघडंच राहिलं होतं."

त्यांनी कंस मिटला. पान झटक्यात जागेवर आलं. काकूंनी टेबलावर अशी थाप मारली, की शेजारच्या मामांचं पान आपोआप सेव्ह झालं असावं. आयुष्यात पुन्हा त्या कंस विसरणार नव्हत्या. सरांनी आजवर तोच कंस त्यांच्यासाठी कितीतरी वेळा मिटला होता आणि त्यांना तो असतो हेही कळलं नव्हतं.

मामांनी हस्तांदोलन काढून टाकलं. 'पुन्हा अवश्य या' पुसताना त्यांना विशेष समाधान झालं. मग त्यांनी ओळींमध्ये एवढी जागा सोडली, की सरांना राहवेना.

"मामा, फारच मोकळं दिसतंय."

"असू द्या. आमच्याकडच्या माणसाला वाचायची घाई नसते."

पुढे त्यांनी अक्षरांचा फिकट राखाडी रंग बदलून काळा केला. राखाडी रंग सरांचा लाडका होता.

"तो का काढलात? भारदस्त होता की."

मामा जरा घुटमळले. "डोळ्यात पाणी असलं ना सर, की फिकट अक्षर वाचता येत नाही."

सरांनी वाकून ती काळी अक्षरं पुन्हा वाचली. पुस्तकात या विषयावर एक अख्खं प्रकरण होतं आणि त्यांनी ते शिकवलंही होतं. पण पान उघडणाऱ्याचे डोळे कसे असतील, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. विचार करायला वेळच कुठे होता, सगळ्यांची पानं त्यांनाच तर करायची होती.

बेकरीवाली तीन दिवस रुसून बसली. चौथ्या दिवशी पॅडिंग आणि मार्जिन यांतला फरक तिला कोणी समजावायच्या आत तीच ओरडून म्हणाली, "अहो, केक आणि खोक्याची भिंत यांच्यातली जागा ती पॅडिंग. दोन खोक्यांमधली जागा ती मार्जिन. एवढं सरळ होतं तर इतके दिवस का लपवलंत?" त्या आठवड्यात तिने केकचे तीन रकाने केले, आणि पान मोबाइलवर उघडलं की ते एकाखाली एक येतील अशी व्यवस्थाही केली. रविवारी सरांचा फोन वाजला नाही. सरांनी तो दोनदा उचलून पाहिला. जरा चुकल्यासारखं झालं.

समिती यायच्या आदल्या दुपारी ग्रंथपाल बाई वर आल्या. त्यांनी सगळी पानं पाहिली आणि दाराला टेकल्या. काकूंचं पान हिरवं होतं, त्यावर पिवळा मथळा आणि लाल बटण. मामांचं पान इतकं मोकळं, की अजून सामान यायचं असावं. बेकरीवालीचं गुलाबी.

"सर, तुमची फाइल सगळ्यात वर ठेवलीय मी. पानं चकचकीत दिसली की सही. एवढं साधंय. तुम्ही आज थांबा आणि सगळी नीट करून टाका. तुम्हाला काय अवघड?"

"अवघड काहीच नाही," सर म्हणाले, आणि तेच खरं अवघड होतं.

कायम झालं असतं तर दर वर्षी नेमणुकीची वाट बघत बसावं लागलं नसतं. घरी आई शेजारणींना 'तूर्त शिकवतो' असं सांगायची, त्यातला 'तूर्त' गेला असता. बाई खाली गेल्यावर सर काकूंच्या खुर्चीत बसले. एक हात खिशातून बाहेर आला आणि माऊसवर गेला. हिरवा फक्त जरा मवाळ करायचा होता. काकूंना कळलंही नसतं.

मग सरांच्या मनात आलं, की काकूंना कळलं नसतं हीच तर सगळी गोष्ट आहे. ते उठले, खुर्ची आत सरकवली आणि घरी जाऊन अंडं केलं. ते बऱ्यापैकी झालं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. समितीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते आणि त्यांना पुढे आणखी एक पाहणी होती. ते काकूंच्या टेबलाशी थांबले.

"हे पान कोणी केलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"छान. हिरवा जरा डोळ्यावर येतो. निळा करून दाखवता?"

काकूंनी चष्मा चढवला आणि रंगाची ओळ शोधू लागल्या. वरून खाली आल्या. सापडली नाही. खालून वर गेल्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"द्या इकडे, मला येतं."

"नाही देत," काकू म्हणाल्या.

अध्यक्षांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी मागितल्या होत्या, पण असं उत्तर त्यांना कुठल्या पाहणीत मिळालं नव्हतं. ते सरांकडे वळले. "सर, तुम्ही करा ना पटकन."

ग्रंथपाल बाईंनी डोळे मिटून घेतले. सरांना खिशातले हात घामेजलेले जाणवले. नुसतं पुढे व्हायचं होतं. चार पावलं आणि एक ओळ.

"साहेब, त्या करतायत," सर म्हणाले.

"अहो, पण वेळ..."

"वेळ लागतो, साहेब. मलाही लागला."

अध्यक्षांनी मदतीसाठी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. मामांनी आपला माऊस दोन्ही हातांनी झाकला. बेकरीवालीने झाकला. बघता बघता ओळीतल्या प्रत्येकाने झाकला. सगळा वर्ग अंड्यावर बसलेल्या कोंबड्यांसारखा समितीकडे टक लावून बघत राहिला.

काकूंना ओळ सापडली. त्यांनी एकेक अक्षर दाबत रंग बदलला. पान निळं झालं.

"दिसलं?" काकू म्हणाल्या.

"हो. उत्तम."

"आता परत हिरवं करते. सिग्नलचा आहे तो. माझ्या बायकांना थांबायची सवय फार आहे."

आणि त्यांनी ते परत हिरवं केलं. यावेळी मुद्दाम सावकाश. समिती उभी राहून बघत होती, कारण कोणाला निघावंसं वाटलं तरी आधी कोण निघणार हे ठरत नव्हतं.

पंधरा दिवसांनी शेरा आला. ग्रंथपाल बाईंनी तो वर आणून दिला आणि मामांनी मोठ्याने वाचला. 'पाहणीच्या वेळी शिक्षक हात खिशात घालून उभे होते. विद्यार्थी सर्व कामे स्वतःच करतात. शिक्षकाची गरज असल्याचे दिसून आले नाही. सबब, कायम करण्याचा प्रस्ताव नामंजूर. नेमणूक आणखी एक वर्ष तात्पुरती.'

मामांनी कागद खाली ठेवला. मग काकूंनी टाळी वाजवली. मग मामांनी, मग सगळ्यांनी. शिक्षकाची गरज दिसली नाही, याहून मोठं कौतुक शिक्षकाचं काय करणार? समितीने ते चुकून दोषांच्या रकान्यात लिहिलं होतं, एवढंच.

सरांना वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर ही कथा खोटी ठरेल. घरी 'तूर्त' अजून वर्षभर राहणार होता. पण टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांनी हात खिशातून बाहेर काढले आणि स्वतःही वाजवल्या. त्या कामाला ते हात अजून चांगले होते.

तेव्हा नागरिकहो, यातून घ्यायचा बोध सरळ आहे. शिकणाऱ्याच्या हातातली वस्तू काढून घेणं ही मदत नव्हे. ती प्रेमाने काढली तरी नव्हे, घाईने काढली तरी नव्हे, आणि आपल्याला जास्त येतं म्हणून तर मुळीच नव्हे. आईच्या हातातला मोबाइल, बायकोच्या हातातलं स्टिअरिंग, पोराच्या हातातलं उलथनं, जिथलं तिथे राहू द्या. चुकू द्या. करपू द्या. आणि कोणी तुमच्याकडे हात पुढे करून "द्या इकडे" म्हणालं, तर देऊ नका.

वर्गाने या बाबतीत जो अर्ज केला आहे, तो माहितीसाठी खाली देत आहोत.

प्रति,
मा. अध्यक्ष, पाहणी समिती

विषय : शिकवणाऱ्यांचे हात जमा करून घेण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, वाचनालयात प्रवेश करतेवेळी शिकवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे दोन्ही हात खालच्या खिडकीवर जमा करून घ्यावेत व वर्ग संपल्यावर पोच पाहून परत द्यावेत. हात अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांना चिठ्ठ्या लावण्यात याव्यात. हीच व्यवस्था सर्व घरे, मोटारी, स्वयंपाकघरे व कार्यालये येथे तात्काळ लागू करावी. पाहणी समित्यांना यातून सूट देऊ नये.

आमच्या शिक्षकांची संमती सोबत जोडली आहे. सही त्यांनी पेन दातांत धरून केली असल्याने ती वेडीवाकडी आली आहे. ती कार्यालयातील कोणीही नीट करून देऊ नये, ही नम्र विनंती.